प्रोसेसर आत्ता बदलायचा की थांबायचं? आधी अडतंय कुठे ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट देणं, बंद केला. साधारण त्याच सुमारास रॅमचे भाव चढू लागले आणि वर्ष संपेपर्यंत कित्येक रॅमच्या किमती दुपटीच्याही पुढे गेल्या. एकीकडे 'तुमचं मशीन जुनं झालं' असा इशारा आणि दुसरीकडे नवं जोडायला गेलं की फुगलेलं बिल, अशा कात्रीत बरेच लोक सापडलेत. इंदुरात सिल्व्हर मॉलच्या गाळ्यांमधून फिरा, जेल रोडला जा, नाहीतर लोकमान्य नगरात कुणाकडे चहाला बसा, विषय निघतोच: प्रोसेसर आत्ता बदलून टाकावा, की पुढची पिढी येईपर्यंत कळ काढावी?

माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं काम प्रोसेसरमुळे अडलेलंच नसतं. आणि ज्यांचं खरोखर प्रोसेसरमुळे अडलेलं असतं, त्यांना थांबून फारसं काही मिळत नाही. त्यामुळे बाजारात काय आलंय, काय येणार आहे, हे बघण्याआधी आपल्या टेबलाखालच्या डब्यात काय चाललंय ते बघायला शिकलेलं बरं. त्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

प्रोसेसर नेमकं करतो काय

पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. दळणारं जातं म्हणजे प्रोसेसर. गिरणीत अशी चार, सहा, आठ जाती असतील तर त्यांना कोअर म्हणायचं. जातं किती भरभर फिरतं, ते गीगाहर्ट्झमध्ये सांगतात. जात्याच्या तोंडाशी जे मूठभर धान्य तयार असतं ती कॅश, ओट्यावर हाताशी मांडलेले डबे म्हणजे रॅम, आणि मागच्या खोलीतली पोती म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. ओटा लहान पडला की माणूस सारखा मागच्या खोलीत पळतो आणि जातं रिकामं फिरतं. अशा गिरणीत महागडं जातं बसवून पीठ लवकर मिळणार नाही.

यात लोकांची सर्वात मोठी गफलत गीगाहर्ट्झवर होते. २००४ साली इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गीगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. आजचे प्रोसेसर पाच-साडेपाचच्या आसपास आहेत. वीस वर्षांत आकडा दुप्पटही झाला नाही, पण आजचा एक कोअर त्या पेंटियमच्या कितीतरी पट काम उरकतो. कारण जात्याच्या एका फेऱ्यात पडणारं पीठ वाढलंय. दर पिढीत खरी सुधारणा होते ती इथे. म्हणून दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर नुसत्या गीगाहर्ट्झवरून ताडून बघू नयेत.

एक हिशेब करून बघू. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचा रायझन ५ २६०० हा २०१८चा, रायझन ५ ५६०० हा २०२२चा. दोन्ही सहा कोअरचे. एएमडीच्याच दाव्यानुसार मधल्या दोन टप्प्यांत एका फेऱ्यातलं काम आधी साधारण १५ टक्के आणि मग १९ टक्के वाढलं. एकावर एक धरलं तर ३७ टक्के होतं. कमाल वेग ३.९वरून ४.४ गीगाहर्ट्झवर गेला, म्हणजे आणखी १३ टक्के. दोन्ही मिळून एकेका कोअरचा वेग दीडपटीच्या आसपास गेला. कोअर तेवढेच, गीगाहर्ट्झमध्ये किरकोळ फरक, तरी दीडपट.

कोअर जास्त तर वेग जास्त, हेही सरसकट खरं नाही. जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७मध्येच दाखवून दिलं होतं की कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो शेवटी आड येतो. शंभर सेकंदांच्या कामातली वीस सेकंदं अशी असतील, तर हजार कोअर लावले तरी ते काम वीस सेकंदांच्या आत होणार नाही. घराचे नकाशे काढणाऱ्यांच्या ऑटोकॅडचं बरंचसं काम असं एका कोअरवर चालतं. त्यांना सोळा कोअरपेक्षा सहा भरभर चालणारे कोअर जास्त उपयोगी पडतात. व्हिडिओ तयार करून बाहेर काढणं किंवा थ्रीडी चित्र रेंडर करणं ही कामं मात्र कोअरमध्ये छान वाटली जातात.

अडतंय कुठे, ते असं शोधा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स' हा भाग आहे. आता जे काम करताना तुमचा जीव मेटाकुटीला येतो, तेच काम करा आणि आलेख बघत राहा.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, तर रॅम कमी पडतेय किंवा मशीन अजून फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर चाललंय. तशी डिस्क वेगवेगळ्या ठिकाणची माहिती सेकंदाला शंभरेकदाच उचलू शकते. साधी एसएसडीही तेच हजारो वेळा करते. दुकानाचे हिशेब, ब्राउझरमध्ये वीस पानं उघडी, मुलांचा ऑनलाइन वर्ग, एवढंच काम असलेल्या घरात मी आधी एसएसडीच बसवायला सांगते. बऱ्याच जणांना त्यानंतर प्रोसेसरची आठवणही येत नाही.

प्रोसेसरचा आलेख शंभरावर टेकला असेल तर मात्र अडचण तिथेच आहे.

एक फसवी जागा आहे, ती नीट समजून घ्या. सहा कोअर आणि बारा थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर (थ्रेड म्हणजे एका कोअरने एका वेळी हाताळायची कामाची रांग) एखादा प्रोग्रॅम एकच थ्रेड वापरत असेल, तर एकूण आकडा आठ-नऊ टक्केच दिसतो. माणूस म्हणतो, 'प्रोसेसर तर निवांत बसलाय!' प्रत्यक्षात एक कोअर पूर्ण दमलेला असतो. आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा (म्हणजे थ्रेडचा) वेगळा आलेख मागा. विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं, त्यामुळे एकच चौकोन सतत भरलेला दिसेल असं नाही. पण एकूण आकडा आठ-नऊवर खिळून राहिला आणि काम पुढे सरकत नसेल, तर तुम्हाला जास्त कोअर नकोत, वेगवान कोअर हवेत.

गेम खेळणाऱ्यांसाठी याहून सोपी खूण आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन खाली आणा. चित्रं भरभर यायला लागली तर ग्राफिक्स कार्ड अडवत होतं. काहीच फरक पडला नाही तर प्रोसेसर अडवतोय. हे दोन मिनिटांत कळतं, आणि तरी चुकीचा भाग विकत घेऊन आलेली मुलं मला दर थोड्या दिवसांनी भेटतात, याचं वाईट वाटतं.

मे महिन्यातला प्रोसेसर

इंदुरात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे चिप खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नसतं. डेस्कटॉपचे बरेच इंटेल प्रोसेसर १०० अंशांना पोचले की स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. एएमडीच्या बहुतेक रायझन ७०००मध्ये ही मर्यादा ९५ अंशांची आहे.

तुमचं मशीन डिसेंबरात बरं चालतं आणि उन्हाळ्यात रडतं, असं असेल तर डबा उघडा. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसलेला असतो, बोटाने उचलला तर नमद्यासारखा सलग निघून येतो. चिप आणि पात्यांच्या मध्ये जी करडी पेस्ट लावलेली असते ती काही वर्षांत वाळून खडूसारखी होते. धूळ झटकून नवी पेस्ट लावायचा खर्च काहीशे रुपयांचा. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर आधीचं आणि नंतरचं तापमान बघा. धुळीने अडलेल्या मशीनमध्ये तेवढ्यानेच गेलेला वेग परत येतो. हे केल्याशिवाय कुणी नव्या प्रोसेसरचा विचारसुद्धा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

लग्नाच्या व्हिडिओंचं उदाहरण

माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न लागलं की त्याचा हंगाम सुरू. त्याचा एक दिवस फोन आला.

"ताई, इंटेलचा महागडा आय-नाइन घेऊन टाकू का? टाइमलाइन हलतच नाहीये. प्ले केलं की दोन फ्रेम पुढे, मग थांबते."

"मशीन कोणतं आहे तुझं?"

"रायझन ५ ३६००. रॅम बत्तीस आहे. गेल्या वर्षीपर्यंत लोण्यासारखं चालत होतं गं."

"मग या वर्षी काय बदललं?"

थोडा विचार करून म्हणाला, "कॅमेरा."

गुपित तिथेच होतं. नवा कॅमेरा दहा बिट, ४:२:२ प्रकारचा एच.२६५ व्हिडिओ देतो. म्हणजे रंगांची माहिती जास्त आणि ती फार घट्ट दाबून भरलेली. ती उलगडायला प्रोसेसरला प्रचंड कष्ट पडतात, जोपर्यंत त्या कामासाठी चिपमध्ये खास वेगळा भाग नाही. रायझन ३६००मध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे असा भागही नाही, आणि त्याच्या ग्राफिक्स कार्डाला हा विशिष्ट प्रकार उलगडता येत नव्हता. मी त्याला जुन्या कॅमेऱ्याची क्लिप लावून बघायला सांगितलं. तेव्हा प्रोसेसर वीस टक्क्यांवर होता. नवी लावली की बाराही आलेख काठोकाठ.

इंटेलच्या १२व्या पिढीपासून पुढच्या, ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरमध्ये हा प्रकार उलगडणारा भाग आहे. २०२५च्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या ग्राफिक्स कार्डांतही तो आला. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ १२४००एफ, त्यात ग्राफिक्स बंद केलेलं असतं, म्हणून तो थोडा स्वस्त मिळतो. व्हिडिओचं काम करणाऱ्याने चार पैसे वाचवायला तो घेतला, तर ज्यासाठी प्रोसेसर घेतला तोच भाग त्यात नसेल. दुकानात घाईच्या वेळी हे कुणी समजावून सांगत नाही.

त्याला मी तिसरा मार्गही सांगितला, तो फुकटचा. रात्री झोपताना सगळ्या क्लिपांच्या हलक्या प्रती तयार करायला लावायच्या, सकाळी त्यांच्यावर एडिट करायचं, आणि शेवटचा व्हिडिओ काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ क्लिपा वापरतं. याला प्रॉक्सी म्हणतात. हंगामभर त्याने तसंच केलं. ज्या दिवशी ग्राहकाला दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ हवा असतो, त्या दिवशी रात्रभर थांबणं परवडत नाही, हेही खरं. अशी कामं वाढली तर नवं मशीन त्याला पैसे मिळवून देईल, आणि तेव्हा त्याने बेलाशक घ्यावं.

चिपची किंमत आणि खरा खर्च

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, ती मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, असते. तुमच्या सॉकेटमध्ये बसणारा बरा प्रोसेसर मिळत असेल तर खर्च फक्त चिपचा. मिळत नसेल तर नवा बोर्ड, आणि आता बहुतेक वेळा नवी रॅमसुद्धा. बोर्ड आणि रॅमचा खर्च मिळून चिपच्या बरोबरीला किंवा तिच्या पुढे जातो. 'प्रोसेसर बदलू' म्हणून निघालेला माणूस अर्धा कॉम्प्युटर घेऊन घरी येतो तो असा.

एएमडीचा एएम४ हा सॉकेट या बाबतीत फार उदार निघाला. मार्च २०१७मधल्या पहिल्या रायझनपासून २०२०मध्ये आलेल्या रायझन ५०००पर्यंत सगळे त्याच सॉकेटचे, आणि सुरुवातीच्या अनेक बोर्डांनाही २०२२मध्ये नव्या चिप ओळखणारं बायोस मिळालं. बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करून देणारा मूळ प्रोग्रॅम. २०१७-१८मध्ये रायझन घेतलेल्यांना जुनी डीडीआर४ रॅम आणि जुना बोर्ड ठेवून दीडपट वेगाचा प्रोसेसर बसवता येतो. रॅम महाग असताना ही संधी सोन्यासारखी आहे. अशा लोकांनी थांबू नये, कारण या जुन्या सॉकेटच्या नव्याकोऱ्या चिप कायम मिळत राहणार नाहीत.

इंटेलचं गणित वेगळं. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हींच्या सॉकेटचं नाव एलजीए ११५१. पिना तेवढ्याच, चिप बसतेही, पण सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. नाव सारखं बघून जुना प्रोसेसर विकत आणलेले लोक इथेच ठेचकाळतात. दहावी-अकरावीचा सॉकेट एलजीए १२००, आणि बारावी ते चौदावीचा एलजीए १७००. शेवटच्या गटात बाराव्या पिढीचा स्वस्तातला आय-थ्री घेतलेल्यांना त्याच बोर्डावर बऱ्यापैकी वर जाता येतं.

अगदी नवे सॉकेट म्हणजे एएमडीचा एएम५, सप्टेंबर २०२२चा, आणि इंटेलचा एलजीए १८५१, ऑक्टोबर २०२४चा. दोन्हींना फक्त डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम लागते, जुनी डीडीआर४ चालत नाही.

आणि रॅम महाग का झाली? मोठ्या प्रमाणात रॅमच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या मुख्यतः तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एकावर एक थर चढवलेली खास मेमरी लागते. ती त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर बनते आणि तिच्यात नफा जास्त. साहजिकच घरगुती रॅमचा वाटा आकसला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवे कारखाने उभे राहायला वर्षं लागतात, म्हणून 'दोन महिन्यांत भाव पडतील' या आशेवर बसण्यात मला अर्थ दिसत नाही.

"विंडोज ११ घेत नाही म्हणतंय, मग बदलायलाच हवा ना?"

विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात. शिवाय टीपीएम २.० लागतं, म्हणजे पासवर्डच्या किल्ल्या सांभाळणारी चिपमधली तिजोरी.

आता गंमत अशी की अनेक मशीनमध्ये ही तिजोरी असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. आठव्या-नवव्या पिढीचं मशीन असूनही 'चालणार नाही' असा संदेश येत असेल तर आधी ती चालू करा आणि मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा तपासणी प्रोग्रॅम पुन्हा लावा. खर्च शून्य.

पहिल्या पिढीचा रायझन विंडोज ११च्या यादीत नाही, पण त्याच एएम४ बोर्डावर रायझन ५००० बसवला की मशीन यादीत येतं. इंटेलच्या सातव्या पिढीला किंवा त्याआधीच्यांना असा रस्ता नाही. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे सुरक्षा अपडेट काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून दिले, त्यासाठी सेटिंगमधून नाव नोंदवावं लागतं. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली हा चांगला पर्याय आहे. ब्राउझर, ईमेल, पत्रं टाइप करणं, एवढ्यासाठी निवृत्त आई-बाबांच्या मशीनवर तो उत्तम चालतो. बँकेचे व्यवहार करणारं मशीन मात्र अपडेटशिवाय वापरू नका. वेगासाठी थांबता येतं, सुरक्षेसाठी नाही.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगते: आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डाला झाळून टाकलेला असतो, तो बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बदलता येते का तेवढं बघा.

"नवी पिढी येतेयच, मग थांबलेलं बरं"

थांबण्याचा फायदा खरा आहे. रायझन ५ ५६००एक्स नोव्हेंबर २०२०मध्ये २९९ डॉलरला आला. एप्रिल २०२२मध्ये जवळजवळ तसाच, किंचित कमी वेगाचा ५६०० आला १९९ डॉलरला. दीड वर्षात शंभर डॉलर वाचले.

पण आपण रुपयांत पैसे देतो. २०२०च्या अखेरीस डॉलर साधारण ७४ रुपयांना होता, डिसेंबर २०२५मध्ये त्याने ९० ओलांडले. दोनशे डॉलरची वस्तू १८ टक्के जीएसटीसह तेव्हाच्या दराने सुमारे १७,५०० रुपयांची होती, डिसेंबर २०२५च्या दराने तीच २१,२०० रुपयांच्या घरात गेली. कंपनीने भाव कमी केला नाही तर नुसत्या थांबण्यानेच आपल्याला ती महाग पडते.

शिवाय पुढची पिढी हमखास वेगवान निघेल असंही नाही. इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर वीज कमी खातात, पण ऑक्टोबर २०२४मध्ये आले तेव्हा अनेक गेममध्ये ते आपल्याच १४व्या पिढीच्या मागे पडले. वर्षभर त्यांची वाट बघत बसलेल्या गेम खेळणाऱ्यांच्या हाती काय लागलं?

माझा ठोकताळा असा आहे. ज्या वस्तूची तारीख जाहीर झालीय आणि ती तीनेक महिन्यांच्या आत आहे, तिच्यासाठी थांबावं. ती घेतली नाही तरी आधीची पिढी थोडी उतरते. नुसती कुजबुज, 'पुढच्या वर्षी येणार म्हणे' अशी बातमी, यासाठी थांबू नये, कारण या धंद्यात पुढच्या वर्षी काहीतरी येणारच असतं. आणि काम अडून पैसे बुडत असतील तर तारीख जाहीर असली तरी थांबू नये.

"एकदाच मोठा घेतला तर दहा वर्षं बघायला नको"

आपल्याकडे वस्तू टिकाऊ घ्यायची सवय आहे, चांगली सवय आहे. पण प्रोसेसर टिकतो तो वेगळ्या अर्थाने. तो सहसा बिघडत नाही, मागे पडतो. जानेवारी २०१७चा इंटेलचा आय-सेव्हन ७७००के तेव्हा घरगुती प्रोसेसरमध्ये अगदी वरचा होता, चार कोअरचा. त्याच ऑक्टोबरमध्ये आलेला मधल्या फळीतला आय-फाइव्ह ८४०० सहा कोअरचा होता. आज विंडोज ११च्या यादीत तो स्वस्तातला आय-फाइव्ह आहे आणि महागडा आय-सेव्हन नाही. म्हणून मधल्या फळीतला प्रोसेसर घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या बोर्डावर घालावेत, ज्यात पुढे एकदा तरी नवी चिप बसवता येईल. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ असं एएमडीने सांगितलंय, म्हणून नव्याने मशीन जोडणाऱ्यांना मी सध्या त्याच बाजूला झुकायला सांगते.

एआयच्या भीतीने प्रोसेसर बदलायची गरज नाही. चॅटजीपीटीसारख्या सेवा दूरच्या सर्व्हरवर चालतात, तुमचा प्रोसेसर फक्त पान दाखवतो. मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस पीसी' या शिक्क्यासाठी चिपमध्ये सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा एआय भाग लागतो. कोअर अल्ट्रा २००च्या डेस्कटॉप चिपमध्ये तो भाग जेमतेम १३ लाख कोटींचा आहे. डब्यावर 'एआय' छापलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका.

जुना प्रोसेसर घेताना

जुना प्रोसेसर घेणं वाईट नाही. चिप एकतर चालते किंवा चालत नाही, मधली अवस्था क्वचित. अपवाद इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या फळीच्या प्रोसेसरचा. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे हळूहळू कायमची हानी व्हायची. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४मध्ये इंटेलने बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच दुखावलेली चिप या दुरुस्तीने बरी होत नाही. आधीच्या मालकाने बायोस कधी बदललं हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. हे प्रोसेसर जुने घेऊ नयेत, घेतलेच तर वॉरंटी शिल्लक असलेले, मूळ बिलासकट.

नव्यातही 'ट्रे'चा प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवाय सुटा, स्वस्त मिळतो. त्याची वॉरंटी बहुधा दुकानदाराची असते, कंपनीची नाही. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. धंद्यासाठी घेत असाल आणि जीएसटीत नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकायला सांगा, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

बदलायच्या दिवशी

आधी बायोस अपडेट करा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. नवी चिप आधी बसवली आणि बोर्डाने ती ओळखलीच नाही, तर पडदा काळाच राहतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएस लावा आणि पावसाचं वातावरण असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी करा.

विंडोजचं बिटलॉकर कुलूप (डिस्कवरच्या फायलींना लावलेलं) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते उघडणारा लांब आकडा, कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलला की त्याच्यातली टीपीएमची तिजोरीही बदलते. मशीन पहिल्यांदा सुरू होताना नवी चिप सापडल्याचं सांगतं आणि जुन्या किल्ल्या पुसू का असं विचारतं. रिकव्हरी की हाताशी नसेल तर तुमच्याच फायली तुम्हाला उघडता येणार नाहीत.

एएम४ वाल्यांनी आणखी एक सांभाळा. या चिपच्या पिना चिपलाच असतात. वाळलेली पेस्ट गोंदासारखी चिकटते आणि पंखा सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो, पिना वाकतात. काढायच्या आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करा, मग बंद करून वायर काढा आणि पंखा हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. जुनी चिप लगेच विकू नका. नवी आठवडाभर तुमच्या नेहमीच्या कामात नीट चालली की मग विका, तोपर्यंत ती नव्या चिपच्या रिकाम्या प्लास्टिकच्या खोक्यात पिना न दाबता ठेवा.